‘इंडियन’ नावाचा माणूस : न्यूयॉर्क 1924, एक बगलेची सुरुवात आणि कलकत्त्याचा महेशचंद्र

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातला एखादा शाळकरी मुलगा मोबाईलवर बुद्धिबळ खेळतो. पहिल्या चालीत घोडा बाहेर काढतो, दुसऱ्या चालीत राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवतो, मग त्या रिकाम्या घरात उंट आणून बसवतो. पडद्याच्या कोपऱ्यात नाव उमटते : ‘किंग्ज इंडियन अटॅक’. काळी मोहरी घेऊन तो हीच मांडणी करील, तर ‘किंग्ज इंडियन डिफेन्स’. दुसऱ्या बाजूचा उंट तसाच बसवला, तर ‘क्वीन्स इंडियन’.

हा ‘इंडियन’ कोण? थ्रेड याच प्रश्नाविषयी आहे. उत्तरासाठी आधी न्यूयॉर्कला जावे लागते, मग काशीला, मुंबईला आणि शेवटी कलकत्त्याला.

22 मार्च 1924. न्यूयॉर्कच्या अलामॅक हॉटेलात अकरा खेळाडूंची स्पर्धा चालू होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन डाव खेळायचे, अशी तिची रीत. माजी जगज्जेता लास्कर होता, भावी जगज्जेता अलेखिन होता, आणि विद्यमान जगज्जेता, क्यूबाचा होसे राऊल कापाब्लांका, अर्थातच होता. कापाब्लांका 1916 पासून एकही डाव हरला नव्हता. त्याला हरवता येत नाही, असा समज आठ वर्षांत इतका रुजला होता की वर्तमानपत्रे त्याला ‘बुद्धिबळाचे यंत्र’ म्हणू लागली होती.

पाचव्या फेरीत त्याच्यासमोर रिचर्ड रेटी बसला. ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेला, महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाकडून खेळणारा, चौतीस वर्षांचा. पांढरी मोहरी त्याच्याकडे होती.

त्या काळच्या शिष्टसंमत पद्धतीत पांढऱ्याने राजापुढचे किंवा वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलायचे आणि पटाचा मध्य ताब्यात घ्यायचा. मध्य ज्याचा, डाव त्याचा. हा धडा मुलांना पहिल्याच दिवशी शिकवला जाई. रेटीने मध्याला हातच लावला नाही. पहिल्या चालीत राजाच्या बाजूचा घोडा, दुसऱ्या चालीत वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे, तिसऱ्या चालीत त्याच्याही पलीकडचे, घोड्यापुढचे प्यादे. सहाव्या चालीपर्यंत त्याचे दोन्ही उंट बगलेतल्या घरांत, लांब तिरप्या रेषांवर जाऊन बसले होते.

बुद्धिबळात याला ‘फ्लँक ओपनिंग’ म्हणतात. मराठीत बगलेची सुरुवात म्हणावे. मध्यात आपण प्यादी उभी करायची नाहीत. प्रतिस्पर्ध्याला करू द्यायची आणि दुरून, कडेकडेने, त्यांच्यावर मारा धरायचा. जो गड बांधतो त्यालाच तो राखावा लागतो, असा त्यामागचा हिशेब.

या डावातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कापाब्लांकानेही तेच केले होते! त्यानेही राजाच्या बाजूचा उंट बगलेत बसवला, मग वजिराच्या बाजूचाही. सहा चालींनंतर पटावरचे चारही उंट बगलेतल्या घरांत होते, आणि दोन्ही बाजूंचे एकही प्यादे मध्यात उभे नव्हते. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या युरोपीय उस्तादाने हा पट पाहिला असता, तर दोन नवशिके बसलेले दिसतात, असेच तो म्हणाला असता.

पुढचा डाव संथ आणि निर्दय आहे. वजिरापुढचे प्यादे रेटीने आठव्या चालीला एक घर आणि सोळाव्या चालीला आणखी एक घर पुढे नेले, म्हणजे काळ्याची मांडणी पूर्ण झाल्यावर. कापाब्लांकाने मध्य मोकळा केला, एक प्यादे मारले, आणि त्याच मोकळ्या झालेल्या स्तंभावर रेटीचे हत्ती येऊन उभे राहिले. एकविसाव्या चालीला त्याने काळ्याच्या राजाचे रक्षण करणारा उंट मारून काढला. त्यानंतर त्या बाजूची घरे उघडीच राहिली. एकतिसाव्या चालीला रेटीने मागचा हत्ती चार घरे पुढे नेऊन थेट काळ्या वजिरावर रोखला आणि कापाब्लांकाने डाव सोडला. आठ वर्षांची अजिंक्यता संपली.

स्पर्धा लास्करने जिंकली, कापाब्लांका दुसरा आला, रेटी पाचवा. पण रेटीचे नाव सुरुवातीला कायमचे चिकटले : ‘रेटी ओपनिंग’. त्याच स्पर्धेत त्याच पद्धतीने त्याने बोगोल्युबोव्हला हरवले आणि सर्वोत्तम डावाचे पहिले पारितोषिकही मिळवले.

याच्या आदल्याच दिवशीची एक हकीकत इथे सांगायला हवी, कारण पुढे तिचा उपयोग आहे. सावियेली टार्टाकोवर हा रेटीचा समविचारी खेळाडू. स्पर्धेच्या दिवसांत तो ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात गेला होता आणि तिथल्या सुझन नावाच्या ओरांगउटानशी त्याची दोस्ती जमली. 21 मार्चला मारोत्सीविरुद्ध त्याने पहिलीच चाल वजिराकडच्या घोड्यापुढच्या प्याद्याची, दोन घरांची, केली. डाव तो हरला. सुरुवातीला मात्र आजही ‘ओरांगउटान’ म्हणतात.

या नव्या पंथाला टार्टाकोवरनेच ‘हायपरमॉडर्न’ हे नाव रूढ केले. आधुनिकाच्याही पुढचे! आणि या अत्याधुनिकांच्या हत्यारांत जी बचावाची मांडणी सर्वांत लाडकी होती, तिला ते ‘इंडियन’ म्हणत. अत्याधुनिक गोष्टीला एका प्राचीन देशाचे नाव कसे?

त्यासाठी देशी बुद्धिबळाचे नियम आठवावे लागतात. ज्यांच्या घरी आजोबांनी पट मांडला असेल त्यांना काही आठवतीलही. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही साधारणपणे एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, त्याला शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्याची उडी घेता येई. शेवटच्या घरी पोचलेले प्यादे मनास येईल ते होत नसे. ज्या मोहऱ्याच्या स्तंभात पोचले, ते मोहरे होई. प्रांताप्रांतांत फरक होते, पण प्याद्याचा मंद चालणारा पाय जवळजवळ सगळीकडे होता.

या खेळाच्या लिखित परंपरेत एक मराठी धागा आहे. सतराव्या शतकात काशीत नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा धर्मशास्त्रग्रंथ रचला. घराणे मूळचे पैठणचे. शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले, नात्याने नीलकंठांचे चुलतपुतणे. ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ या भागात राजनीती सांगता सांगता नीलकंठ बुद्धिबळाकडे वळतात. मध्ये राजा आणि मंत्री, त्यांच्या शेजारी उंट, मग घोडे, कोपऱ्यात हत्ती. ही मांडणी मराठी घरातल्या मुलाला ओळखीची वाटेल, कारण मराठीत आजही तीच नावे आहेत. इंग्रजाने बिशप केला, आपला उंट उंटच राहिला. एकट्या घोड्याने चौसष्ट घरे फिरून यायची युक्तीही त्या ग्रंथात आहे.

आता प्यादे एकच घर चालते असे धरून पट मांडून पाहावा. राजापुढचे प्यादे एक घर सरकले, तर मध्यावर धाव घेता येत नाही. घाई करणे व्यर्थ ठरते. दोन्ही सेना दूर उभ्या राहतात आणि आधी आपापली व्यवस्था लावतात. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले की दोन कामे होतात : उंटाला लांब तिरपी रेषा मिळते, किंवा राजाला घोड्याची उडी घेऊन थेट त्या रिकाम्या घरात आसरा घेता येतो. युरोपीय नियमांत जी चाल संथ आणि भित्री वाटे, ती देशी नियमांत खेळाच्या रचनेतूनच आलेली शहाणी चाल होती.

युरोपीय नियम आले, तेव्हा हा तिढा आपल्याकडच्या जाणकारांना लगेच कळला होता. 1814 मध्ये, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या चारच वर्षे आधी, मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. मूळ संस्कृत, रचनाकार त्रिवेंगडाचार्य शास्त्री. त्यात डावांच्या अडचणीच्या अवस्था दिल्या होत्या आणि मुखपृष्ठावरच स्पष्ट केले होते की त्या युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतल्या आहेत. ‘जुळवून घेतल्या’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा. दोन खेळ आहेत, दोन्ही आपल्याला येतात आणि एकातून दुसऱ्यात जाता येते, हे एका शास्त्र्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच छापून ठेवले. या पुस्तकाचा मराठी इतिहासलेखनात फारसा उल्लेख होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आणि आता कलकत्ता.

जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करी. तरुणपणी तो लंडनच्या अव्वल खेळाडूंत गणला जाई. 1848 च्या सुमारास तिथल्या बुद्धिबळ क्लबच्या एका सभासदाला मुलुखात एका ब्राह्मणाची कीर्ती ऐकू आली : हा माणूस कधीच हरलेला नाही. सभासद त्याच्याशी खेळला आणि हरला. त्या ब्राह्मणाला युरोपीय नियम नीट ठाऊकही नव्हते. त्याला कलकत्त्याला आणून कॉक्रेनसमोर बसवण्यात आले. पुढे क्लबने त्याला पगारावर ठेवले. हा महेशचंद्र बॅनर्जी.

दोघे वर्षानुवर्षे खेळले. त्यांचे शेकडो डाव आज उपलब्ध आहेत, कारण कॉक्रेन ते लिहून ठेवी आणि विलायतेला पाठवी. बहुतेक डाव कॉक्रेनने जिंकले, हे लपवण्याचे कारण नाही. पण महेशचंद्र कसा खेळतो, हे पाहण्यासारखे आहे. नवे नियम त्याने शिकून घेतले होते. हाताची सवय मात्र जुनी होती. तो पुन्हा पुन्हा घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवी, उंट बगलेत बसवी, मध्य समोरच्याला देई आणि मग त्याच्यावर घाव घाली.

1855 चा एक डाव घ्यावा. कॉक्रेनने वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलले, महेशचंद्राने घोडा काढला. पुढच्या चालीत बगलेतले प्यादे एक घर, तिसऱ्या चालीत वजिरापुढचे प्यादे एकदम दोन घरे, मग उंट बगलेत. आजच्या कोणत्याही अभ्यासकाला हे तत्क्षणी ओळखता येते; याला ‘ग्रुनफेल्ड डिफेन्स’ म्हणतात. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो 1922 मध्ये खेळात आणला, म्हणून त्याचे नाव. कलकत्त्यातला डाव त्याच्या 67 वर्षे आधीचा. दहाव्या चालीपर्यंत महेशचंद्राची स्थिती निकोप आहे, आजचा ग्रँडमास्टर घेईल अशी. नंतर घात झाला : कॉक्रेनच्या घोड्याने राजाजवळचे प्यादे मारले, काळ्याने दुर्लक्ष केले, आणि तीन चालींत मात निश्चित झाली. दुहेरी शह, मग वजिराचे बलिदान, मग आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याची मात.

डाव हरला म्हणून सुरुवात वाईट, असा निष्कर्ष त्या काळी सहज निघे. महेशचंद्राच्या मांडण्या युरोपीय पुस्तकांनी ‘अनियमित’ या सदरात टाकल्या. ‘इंडियन डिफेन्स’ या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात छापील वापर 1884 चा आहे आणि तो महेशचंद्राच्याच खेळासंदर्भात आहे. पहिल्या महायुद्धानंतर रेटी-टार्टाकोवरच्या पिढीने ही मांडणी प्रतिष्ठित केली, तेव्हा शब्द टिकला, संदर्भ गळाला.

नावांचा हिशेब मांडला की हे टोचू लागते. कॉक्रेनने 1848 मध्ये महेशचंद्राविरुद्धच एका डावात चौथ्या चालीला घोड्याचा बळी दिला. त्या खेळीला ‘कॉक्रेन गँबिट’ म्हणतात. ग्रुनफेल्डचे नाव बचावाला आहे, रेटीचे सुरुवातीला. ब्राँक्सच्या ओरांगउटानच्या वाट्यालाही एक सुरुवात आली. महेशचंद्राच्या वाट्याला त्याचा देश आला. युरोपीय माणूस खेळला की ती त्याची कल्पना ठरते. हिंदी माणूस खेळला की ती त्याच्या लोकांची रीत.

इथे दोन अतिरेक टाळले पाहिजेत. समाजमाध्यमांवर ‘रेटीने भारताची विद्या चोरली’ असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ‘फियांकेत्तो’, म्हणजे उंट बगलेत बसवणे, हा शब्दच इटालियन आहे आणि अठराव्या शतकापासून युरोपीय ग्रंथांत आहे. 1843 मध्ये हॉवर्ड स्टाँटनने फ्रान्सच्या सेंट-आमांविरुद्ध उंटापुढच्या प्याद्याने डाव सुरू केले होते. ‘इंग्लिश ओपनिंग’ हे नाव त्यातून आले. म्हणजे रेटीच्या मागे युरोपातलीही वाट होती. ‘मध्य हातात घेण्यापेक्षा दुरून आवरावा’ हे तत्त्व म्हणून लिहून काढणे, त्याची चर्चा करणे, जगज्जेत्यावर त्याची परीक्षा घेणे, हे काम रेटीच्या पिढीचेच आहे.

दुसरा अतिरेक उलट बाजूचा : महेशचंद्र फक्त सवयीने खेळत होता, त्याला काय कळत होते? शेकडो डाव खेळणारा, नियम बदलल्यावरही आपली मांडणी सोडण्याऐवजी तिला नव्या नियमांत बसवणारा माणूस नुसत्या सवयीने खेळत नसतो. 1855 च्या त्या डावात तिसऱ्या चालीला त्याने मध्यात जे प्यादे दोन घरे ढकलले, ते देशी नियमांत शक्यच नव्हते. जुन्या खेळातला उंट आणि नव्या खेळातले प्यादे त्याने एकत्र जोडले होते. ती जोडणी त्याची स्वतःची.

देशी खेळ मात्र हळूहळू मागे पडला. त्या काळातले शेवटचे मोठे नाव पंजाबचे. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला होता. 1929 मध्ये धन्याबरोबर तो लंडनला गेला आणि त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश विजेता झाला. रेटी त्याच वर्षी जून महिन्यात प्रागमध्ये, चाळिशीत, लाल पुरळाच्या तापाने वारला. पुढे, 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत, सुलतान खानसमोर कापाब्लांका बसला. सुलतानने पहिल्या चालीत, रेटीप्रमाणेच, राजाकडचा घोडा काढला. काळ्याकडून कापाब्लांकाने वजिराच्या बाजूचा उंट बगलेत बसवला. क्वीन्स इंडियन! ज्याने ओपनिंगची पुस्तके जवळजवळ वाचली नव्हती, त्या हिंदी माणसापुढे क्यूबाचा माजी जगज्जेता ‘इंडियन’ बचाव खेळत होता. पासष्टाव्या चालीपर्यंत डाव चालला. कापाब्लांका हरला.

सुलतान खान 1933 च्या अखेरीस परतला आणि पुन्हा मोठ्या स्पर्धेत उतरला नाही. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर हा सन्माननीय किताब दिला तो 2024 मध्ये, मृत्यूनंतर 58 वर्षांनी.

1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. 1955 मध्ये आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. नियम आंतरराष्ट्रीय होते, आणि तसेच असायला हवे होते. त्यानंतर शिकणाऱ्या मराठी मुलांना ‘किंग्ज इंडियन’ शिकायला मिळाला तो रशियन आणि इंग्रजी पुस्तकांतून. जुलै 2025 मध्ये बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकून नागपूरची दिव्या देशमुख देशातली 88 वी ग्रँडमास्टर झाली, तोवर ही नावे विदर्भातल्या शिकवणीवर्गांत घरगुती झाली होती.

महेशचंद्राचे डाव कोणालाही पाहता येतात. ऑनलाइन संग्रहांत ते विनामूल्य आहेत. फक्त शोधताना त्याचे नाव मराठी उच्चाराप्रमाणे रोमन लिपीत लिहून भागत नाही. कॉक्रेनच्या काळच्या इंग्रजांनी कानावर पडले तसे लिहिले : कुठे ‘मोहेश्चंडर’, कुठे ‘मोहिशंडर’, आणि आडनाव कधी ‘बॅनर्जी’ तर कधी ‘बोनर्जी’. सगळ्या वर्तनी एकेक करून टाकाव्या लागतात.